जुन्या कागदांच्या संगणकीय नकला व त्यांतील विशेष चिन्हें

जुन्या दप्तरांची नक्कल पूर्वीं बोरूनें, पुढें टांकानें व त्यानंतर टंकलेखनयंत्रावर होत असे. अलीकडे ती बहुतेक ठिकाणीं संगणकावर होते. या पालटानें काम जलद झालें, जागा वांचली, आणि हजार पानांच्या बाडांतून हवा तो शब्द क्षणांत काढतां येऊं लागला, हें सर्व खरें. परंतु अमुक एक गांव या नकलांत नाहीं असें संगणकानें सांगितलें, तर तें खरोखरच नाहीं असें धरून चालावें काय, हा प्रश्न संशोधकास क्षुल्लक मानतां येत नाहीं. प्रस्तुत लेखकापुढें तो कऱ्हाडच्या निमित्तानें उभा राहिला. एका खासगी संग्रहांतील पत्रांच्या नकला दोन लेखनिकांनीं वांटून केल्या होत्या. त्यांत 'कऱ्हाड' शोधिलें असतां तीन पत्रें पुढें आलीं. सहज म्हणून कागदावर काढलेली प्रत चाळूं लागलों, तों चौथें पत्र दिसलें, पांचवें दिसलें. शब्द तोच, अक्षरांचें वळणहि तेंच. डोळ्यांस जो शब्द एकच दिसत होता तो संगणकाच्या लेखीं दोन निरनिराळे शब्द होता.

याचें कारण समजण्यास संगणक अक्षर कसें सांठवितो हें थोडें पाहिलें पाहिजे. संगणकाच्या पोटांत अक्षराची आकृति नसते; असतो तो एक अंक. कोणत्या अक्षरास कोणता अंक द्यावा याची जी जगन्मान्य सारणी आज प्रचारांत आहे तिला युनिकोड म्हणतात. तिची पहिली आवृत्ति १९९१ त निघाली, आणि तींतील देवनागरीची मांडणी भारतांतच १९८८ त ठरलेल्या इस्की नामक संकेताच्या आधारें केली गेली. युनिकोडांत क, ख, ग यांस एक एक अंक आहे, काना-मात्रांस आहे, हलन्ताच्या पायमोडीस आहे. परंतु जोडाक्षरांस स्वतंत्र अंक नाहीं. 'क्त' म्हणजे क, पायमोड, त असे तीन अंक; त्यांचें एक अक्षर करून दाखविणें हें टंकाचें, म्हणजे जुन्या भाषेंत खिळ्यांच्या सांच्याचें काम. सबब आकृति हा केवळ बाह्य देखावा होय. शोध, अनुक्रम, सूची हीं सर्व कामें आंतल्या अंकांवर चालतात.

आतां कऱ्हाडांतील 'ऱ्ह' घ्या. र पुढें पायमोड व त्यापुढें ह असे अंक दिले, तर टंक त्याचा रफार करतो, आणि 'कर्हाड' असें कांहीं तरी विचित्र रूप उमटतें. मराठीस हवा असलेला आडवा, चंद्रकोरीसारखा अर्धा र मिळविण्याचे मार्ग दोन. पहिला मार्ग इस्कीच्या परंपरेंतला. द्राविडी भाषांतील एका रकाराच्या लेखनासाठीं सारणींत खालीं टिंब असलेला 'ऱ' ०९३१ या अंकावर ठेविला आहे. त्यास पायमोड लावली कीं कोरीचा र तयार होतो. दुसरा मार्ग असा कीं, साधा र व पायमोड यांपुढें 'जोडक' नांवाचें एक अदृश्य चिन्ह घालावयाचें. हें चिन्ह कागदावर उमटत नाहीं, जागाहि व्यापीत नाहीं. रफार करूं नको एवढीच सूचना तें टंकास देतें. युनिकोडाच्या दुसऱ्या आवृत्तींत हीच रीत होती, आणि त्या काळच्या लेखांची सोय म्हणून ती आजहि चालूं ठेविली आहे. येथेंच पाहा: 'कऱ्हाड' आणि 'कर्‍हाड'. पहिला शब्द पहिल्या रीतीनें बसविला आहे, दुसरा दुसऱ्या रीतीनें. वाचकांस यांत भेद दिसूं नये, आणि बहुतेक टंकांत दिसणारहि नाहीं. शोधणाऱ्या यंत्रास मात्र तो दिसतो.

येथें आणखी एक बारकावा आहे. सारणीच्या नियमानें 'ऱ' हा एक अंक, आणि र व त्याखालील नुक्ता असे दोन अंक, हीं समतुल्य मानलीं आहेत. नियम पाळणारी आज्ञावली तीं दोन्ही रूपें एकच समजते. जोडकाच्या रीतीस मात्र ही समतुल्यता दिलेली नाहीं. उलट कांहीं आज्ञावल्या शोध घेतांना जोडकासारखीं अदृश्य चिन्हें वगळून टाकतात. मग 'कर्‍हाड' हें त्यांच्या हिशेबीं 'कर्हाड' होतें, आणि खऱ्या 'कऱ्हाड'पासून तें पूर्वींइतकेंच दूर राहतें. वऱ्हाड, बऱ्हाणपूर, गोऱ्हे, कऱ्हा नदी, तऱ्हा, कुऱ्हाड, इतकेंच नव्हे तर सुभेदाऱ्या, जहागिऱ्या, गावकऱ्यांस, कारभाऱ्यांनीं अशीं शेंकडों रूपें या एका कोरीवर अवलंबून आहेत. मराठी दप्तर तिच्यावांचून एक पानहि चालत नाहीं.

बरें, केवळ शोध चुकतो इतकीच हानि असती तर ती सोसवली असती. पण ज्या लेखनिकास हें अक्षर कसें काढावें हेंच ठाऊक नसतें तो रफारावर भागवितो, आणि तेथें अर्थच फिरतो. 'दऱ्या' म्हणजे डोंगरांतील, 'दर्या' म्हणजे समुद्र. याच बाडांतील एका खर्चाच्या यादींत नकलेप्रमाणें 'आचार्यांस' कांहीं रक्कम पावल्याचें दिसतें. मुदपाकखान्याच्या खर्चालगत ही नोंद असल्यामुळें ती 'आचाऱ्यांस' असावी असा संशय येतो; परंतु त्याच यादींत दक्षिणेचीहि कलमें आहेत. लेखनिकानें त्या नकलेंत 'कारभार्यास' व 'गावकर्यांनीं' असेंच सर्वत्र लिहिलें आहे, म्हणजे त्याचा रफार प्रमाण धरतां येत नाहीं. स्वयंपाकी कीं शास्त्री, हें आतां मूळ यादी पाहिल्यावांचून सांगतां यावयाचें नाहीं.

उपाय कठीण नाहीं. शासनाच्या इलेक्ट्रॉनिकी विभागानें १९८६ त प्रमाण ठरविलेला इन्स्क्रिप्ट कळफलक आज बहुतेक प्रत्येक संगणकांत असतो. त्यांत र हा रोमन 'जे'च्या कळीवर आहे, आणि शिफ्ट दाबून तीच कळ दाबली कीं 'ऱ' येतो. पायमोड 'डी'च्या कळीवर व ह 'यू'च्या कळीवर आहे. या तीन कळा क्रमानें दाबल्या कीं ऱ्ह सिद्ध झाला. ज्यांचा हात रोमन उच्चारानुसारी कळफलकावर बसला आहे त्यांनीं आपला कळफलक यांपैकीं कोणती रीत वापरतो हें एकदां तपासावें. कारण या कळफलकांत एकवाक्यता नाहीं. कळफलक बदलावयाचा नसेल तर मायक्रोसॉफ्ट वर्ड किंवा लिबरऑफिस या लेखनाच्या आज्ञावल्यांत आणखी एक युक्ति आहे: इंग्रजी आंकड्यांत ०९३१ लिहावें व लगेच आल्ट धरून 'एक्स'ची कळ दाबावी, आंकडे जाऊन त्या जागीं 'ऱ' उभा राहतो. तीच युक्ति अक्षराच्या पुढें सारक ठेवून उलट चालविली कीं अक्षर जाऊन त्याचा अंक दिसतो. एखादें चिन्ह खरोखर कोणतें आहे याची परीक्षा करावयास हें साधन फार उपयोगी आहे. सराफाच्या कसोटीप्रमाणें तें नकला तपासणाऱ्याच्या हाताशीं असावें.

या परीक्षेस लावले असतां किती तरी सोज्ज्वळ दिसणारे मजकूर खोटे ठरतात. 'दुःख' या शब्दांतील विसर्ग म्हणून पुष्कळदां इंग्रजी अपूर्णविरामाचीं दोन टिंबें ठोकलेलीं असतात. अवग्रहाच्या जागीं रोमन 'एस' हें अक्षर बसविलेलें आम्हीं एका स्तोत्राच्या नकलेंत पाहिलें आहे. ॲ हें अक्षर जुन्या मोडी कागदांत येण्याचा प्रश्न नाहीं, परंतु इंग्रजी अमदानीच्या कागदांतील व प्रस्तावनांतील साहेबांच्या नांवांत तें येतें. त्यास सारणींत स्वतंत्र अंक (०९७२) मिळाला तो २००८ त, आणि त्यापूर्वींच्या नकलांत तें अ व चंद्र यांच्या जोडणीनें केलेलें असतें. येथेंहि दिसण्यांत भेद नाहीं व आंत समतुल्यता नाहीं.

परंतु संग्राहकांनीं ज्याकडे सर्वांत अधिक लक्ष द्यावें असें चिन्ह म्हणजे दण्ड. आपल्या कागदांत उभ्या रेघेस तीन कामें आहेत. श्लोकाचा किंवा वाक्याचा शेवट हें एक. 'मु॥' म्हणजे मुक्काम, 'प॥' म्हणजे परगणे, अशा संक्षेपांची खूण हें दुसरें. आणि तिसरें हिशेबाचें: १। म्हणजे सव्वा, १॥ म्हणजे दीड, १॥। म्हणजे पावणेदोन, त्यापुढें आण्यांसाठीं आडव्या वा तिरप्या रेघा. पहिल्या कामासाठीं सारणींत एकेरी दण्डास ०९६४ व दुहेरीस ०९६५ हे अंक आहेत. संक्षेपासाठीं वर्तुळाकार लाघवचिन्ह ०९७० येथें आहे, परंतु मराठी कागदांतील संक्षेपाचा दुहेरी दण्ड त्यानें दाखविणें म्हणजे एक चिन्ह पुसून दुसरें लिहिणें होय. तेथें ०९६५ हाच घालावा. हिशेबी अपूर्णांकांस २००९ सालापासून स्वतंत्र जागा मिळाली आहे: 'ए८३०'पासून पुढें पाव, अर्धा, पाऊण, व त्यानंतर एक सोळांश, एक अष्टमांश आणि तीन सोळांश अशीं चिन्हें क्रमानें ठेविलीं आहेत, आणि रुपयाची जुनी खूणहि तेथेंच आहे.

हा विवेक न केल्यास काय होतें याचा नमुना द्यावयाचा तर, घाईच्या नकलेंत उभी रेघ म्हणून इंग्रजी एकाचा आंकडा वापरण्याची खोड पुष्कळांस असते. पुढें कोणी तो मजकूर एकजात देवनागरी आंकड्यांत फिरविला कीं १२। याचें १२१ होतें, आणि सव्वाबारा रुपयांचा ऐवज एकशें एकवीस होऊन बसतो. अशा आंकड्यांवरून कोणी त्या काळच्या दरदामांचा विचार करील तर त्याच्या निष्कर्षांस काय किंमत राहील? हिशेबी चिन्हें दाखविणारे टंक अजून थोडे आहेत हें मान्य करूनहि आमचें मत असें कीं, जमाखर्चाच्या कागदांत तींच घालावीं, आणि ज्यांस तीं दिसत नसतील त्यांच्यासाठीं लगत कंसांत 'सव्वाबारा' असें अक्षरीं लिहावें. ज्यांस हें अवघड वाटतें त्यांनीं निदान खरा दण्ड वापरावा. इंग्रजी रेघ वा आंकडा कदापि नव्हे.

वैदिक पोथ्यांच्या स्वरचिन्हांची गोष्ट निराळी आहे. ऋग्वेदाच्या बहुतेक पोथ्यांत अनुदात्तास अक्षराखालीं आडवी रेघ व स्वरितास डोक्यावर उभी रेघ असते. उदात्तास चिन्हच नसतें. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांतील ज्या ३० ऋग्वेदपोथ्या २००७ त युनेस्कोच्या जागतिक स्मृतिपटावर नोंदल्या गेल्या त्यांचा लौकिक वाचकांस ठाऊकच आहे. सारणींत खालच्या रेघेस ०९५२ व वरच्या रेघेस ०९५१ हे अंक आहेत. गंमत अशी कीं, ०९५१ यास सारणीकारांनीं नांव दिलें तें 'उदात्त'. प्रत्यक्ष वापर मात्र बहुतेक ठिकाणीं स्वरितासाठींच. एकदां दिलेलें नांव बदलावयाचें नाहीं असा त्यांचा नियम असल्यामुळें चूक उघड होऊनहि नांव तसेंच राहिलें, आणि स्वरिताचा उपयोग खालीं टीपेंत नमूद करून त्यांनीं समाधान मानलें. नांवावर भरंवसून जो लेखनिक उदात्त शोधूं जाईल तो पहिल्याच ऋचेला फसेल. शतपथ ब्राह्मणाच्या पोथींत तर खालची आडवी रेघच उदात्त दाखविते. म्हणून चिन्हाच्या नांवाकडे न पाहतां आकृतीकडे पाहून तें घालावें, व त्याचा अर्थ प्रस्तावनेंत सांगावा. स्वरचिन्ह नेहमीं मात्रेच्या नंतर घालावयाचें. आधीं घातलें तर बहुधा मात्रा अक्षर सोडून ठिपक्यांच्या वर्तुळावर जाऊन बसते. सामवेदांत अक्षरांवर जे आंकडे येतात त्यांची, व इतर शाखांच्या विशिष्ट खुणांची सोय २००९ सालीं झाली. त्यापूर्वींच्या संगणकीय वेदपाठांत हे आंकडे कोठें साध्या ओळींत, कोठें चित्ररूपानें घातलेले आढळतात, हें ध्यानांत ठेवावें.

मोडीस स्वतःची जागा मिळाली ती २०१४ त. त्यासाठीं प्रस्ताव सिद्ध करण्याचें श्रेय श्री. अंशुमान पांडे यांस आहे. तेव्हांपासून मोडी मजकूर मोडींतच संगणकावर लिहितां येतो, आणि नोटो सॅन्स मोडी हा टंक विनामूल्य मिळतो. यावरून आतां सर्व नकला मोडींतच कराव्या असा आग्रह कांहीं उत्साही मंडळी धरतात. तो आम्हांस पटत नाहीं. मूळ कागदांत शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्वदीर्घ बहुधा पाळलेला नसतो. तो तोड करणें व तो शब्द ओळखणें हेंच नक्कलकाराचें कौशल्य, आणि तें बालबोधींतच वाचकांच्या उपयोगी पडतें. तथापि जेथें एखादा शब्द लागत नाहीं, किंवा दोन प्रकारें लागतो, तेथें तेवढा शब्द मोडी अक्षरांत देऊन पुढें बालबोध वाचन द्यावें. जुन्या छापखान्यांस जें केवळ ठसा करूनच साधलें असतें तें आज कळ दाबून साधतें. मात्र अक्षराचें विशिष्ट वळण, म्हणजे एखाद्या कारकुनाचा खास ल किंवा गांठीचा झ, सारणींत नाहीं व येणारहि नाहीं. मराठी ल व श यांचें हिंदी वळणांहून जें वेगळेपण आहे तें सुद्धां टंकाचें आहे, अंकाचें नव्हे. वळणावरून कागदाचा काळ ठरवावयाचा असेल तर छायाचित्रासच शरण गेलें पाहिजे.

परदेशीं पाठविण्याच्या सूचींत नांवें रोमन लिपींत द्यावीं लागतात, म्हणून त्याविषयीं दोन शब्द. १८९४ त जिनीव्हा येथील प्राच्यविद्यापरिषदेंत जी पद्धति रूढ झाली तींत रोमन 'एल'खालीं टिंब म्हणजे ऌ. २००१ सालीं आंतरराष्ट्रीय मानक म्हणून जी पद्धति ठरली (तिचा क्रमांक १५९१९) तींत त्याच टिंबाच्या 'एल'चा अर्थ ळ, आणि ऌ साठीं टिंबाऐवजीं लहानसें वर्तुळ. ऋ ची गतहि तीच: जुन्या पद्धतींत 'आर'खालीं टिंब, नव्यांत वर्तुळ, टिंबाचा 'आर' नव्यांत हिंदी ड़ साठीं राखून ठेविला आहे. संस्कृत ग्रंथांस ऌ चा प्रसंग क्वचित् येतो. मराठी सूचींत ळ पदोपदीं. धुळें, टिळक, वेरूळ हीं नांवें लिहावयाचीं तर नवी पद्धतिच सोयीची, व ती वापरल्याचें सूचीच्या आरंभीं सांगितलें पाहिजे. याशिवाय, रेघ वा टिंब असलेलें रोमन अक्षर एका अंकानें किंवा अक्षर व खूण अशा दोन अंकांनीं, दोहों प्रकारें सांठवितां येतें. सारणींत हीं रूपें समतुल्य आहेत खरीं, परंतु सर्वच आज्ञावल्या ती समता पाळतात असें नाहीं.

राहिला प्रश्न युनिकोडपूर्व नकलांचा. या काळांत निरनिराळ्या टंकांनीं रोमन अक्षरांच्याच अंकांवर देवनागरी आकृति बसविल्या होत्या, व प्रत्येकाची मांडणी वेगळी. तो टंक गेला कीं मजकुराच्या जागीं रोमन अक्षरांचा निरर्थक ढीग उरतो. ज्यांच्या संग्रहीं असे मजकूर असतील त्यांनीं ते टंकासकट जतन करावे, टंक चालतो आहे तोंच कागदावर एक प्रत काढून ठेवावी, आणि मग युनिकोडांत पालटून घ्यावे. पालटतांना पहिली वेलांटी व रफार हीं दोन स्थानें विशेष तपासावीं. कारण त्या टंकांत वेलांटी अक्षराच्या आधीं लिहिली जाई व युनिकोडांत ती नंतर येते, आणि जोडाक्षर आलें कीं पालटणारें यंत्र तेथें हटकून अडखळतें.

कऱ्हाडच्या त्या बाडाचें काम आम्हीं पुढें असें केलें. जोडकाचीं सर्व रूपें शोधून त्यांच्या जागीं ०९३१ चीं रूपें घातलीं. पहिली प्रत न बदलतां निराळी राखिली. आणि नव्या प्रतीच्या आरंभीं कोरीचा र, दण्ड, विसर्ग व अपूर्णांक कोणत्या अंकांनीं लिहिले आहेत हें चार ओळींत नोंदलें. शोध पुन्हां घेतला तेव्हां कऱ्हाडचीं पत्रें तिनांचीं नऊ झालीं. रफारानें लिहिलेलीं रूपें मात्र यंत्राच्या हवालीं केलीं नाहींत. तीं एक एक करून मुळाशीं ताडून पाहिलीं, आणि बहुतेक ठिकाणीं कोरीचा र निघाला. आचार्यांची ती यादी मूळ मालकाकडे परत गेली असून तिचें छायाचित्र घेतलेलें नव्हतें. म्हणून ती नोंद नकलेंत होती तशीच ठेवून तिच्यापुढें प्रश्नचिन्ह घातलें आहे.